बोट फिरवलं का?

सोमवार, दुपारचे साडेचार

प्रिय खारूताई,

सगळ्यात आधी एवढं वाच, मग बाकीचं: गाडी सुरू करू नकोस. कुणाचं घाईचं बोलावणं आलं तरी नाही, उन्हातून सावलीत घ्यायची म्हणूनही नाही. दवाखान्यासमोर जिथे उभी केली असशील तिथेच राहू दे. हातातली बॅटरी लावून खाली वाक आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, ऑईलचा फिल्टर बसतो त्याच्या खाली, ओलं दिसतंय का बघ. ओलं नसलं तरी सुरू करू नकोस. हे पत्र घेऊन येणाऱ्या ट्रकमध्ये बस आणि खाली ये, गाडीचं नंतर बघू. ट्रकवाल्याला तू ओळखतेस. डेपोत आम्ही त्याला 'वादळ' म्हणायचो, कारण अख्ख्या नोकरीत त्यानं बसचा काटा चाळिसाच्या वर नेला नाही. उद्या सकाळी सहाला तो तुमची औषधं आणि गॅसची सिलिंडरं घेऊन निघेल आणि दहापर्यंत पोचेल. घाटात दोन्ही बाजूंना नजर ठेवून जा, असं मी त्याला सांगून आलोय. का, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फोन लावून पाहिला. तुझा फोन घाटातल्या दुसऱ्या वळणापुढे लागत नाही हे मला ठाऊक आहे, आणि दवाखान्याच्या फोनची तार वाऱ्यानं तुटलीये हे तूच सांगितलंस. तरी तीन वाजल्यापासून सव्वीस वेळा लावला. फोनमधली ती बाई दर वेळी त्याच गोड आवाजात तेच सांगते. तुमच्याकडे येणारी बस बाराला सुटते, मी स्टँडवर पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची गाडी मागावी म्हणून त्यांच्या दारात गेलो, तर कुलूप. आता करण्यासारखं काही उरलं नाही आणि नुसतं बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. तुझ्या आईला सांगितलंय की पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार लिहितोय. तिला उगीच घोर कशाला.

झालं काय, ते सांगतो. काल तुझ्या गाडीतून काढलेलं जुनं ऑईल दुपारी डब्यात ओतायला घेतलं. जुना फिल्टर ट्रेमध्ये तसाच पालथा पडला होता. उचलला, पुसला, तोंडाकडून बघितला. रबराची रिंग नाही. तुला काय सांगायचं, फिल्टरच्या तोंडावर ती काळी रिंग असते, तीच इंजिनाला दाबून बसते आणि ऑईल अडवते. जुना फिल्टर निघताना ती त्याच्याबरोबर निघायला हवी. निघाली नाही, म्हणजे इंजिनालाच चिकटून राहिली, आणि मी तिच्यावर नवा फिल्टर त्याच्या नव्या रिंगसकट चढवला. रबरावर रबर. असं बसवलेलं कधी पहिल्या मिनिटाला फुटतं आणि कधी शंभर किलोमीटर काही होत नाही. मग चढ लागतो, इंजिन तापतं, ऑईलचा जोर वाढतो, मधली रिंग सटकते आणि दोन मिनिटांत सगळं ऑईल रस्त्यावर. समोर लाल दिवा लागतो म्हणा, पण घाटात तू दिवे बघत नाहीस, रस्ता बघतेस, आणि मीच तुला तसं शिकवलंय. पुढे इंजिन जाम होतं. नेमकं वळणावर झालं, मागून काही येत असलं, ऑईल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं तर काय होतं, ते मी डेपोत एकदा पाहिलंय. ते इथे लिहिणार नाही.

ट्रे दोनदा उपसला. ऑईलात कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. सांडलेल्या ऑईलवर टाकलेला भुसा चाळला, चिंध्या एकेक झटकल्या, गाडी उभी होती तिथली फरशी गुडघ्यांवर रांगत बघितली. वरच्या गॅलरीतल्या आजोबांनी विचारलं, काही हरवलं का. मी म्हटलं, बटण.

हा फिल्टर ज्यानं तिथे बसवला तो इंजिनिअर मला एकदा भेटायला हवा. त्याला मी चहा पाजेन आणि मग म्हणेन, आता तुम्हीच काढून दाखवा. बॉनेट उघडलं तर दिसत नाही, खाली झोपलं तरी दिसत नाही. गाडी उचलायची, टेकू द्यायचे, चाक काढायचं, उताणं सरकायचं, उजवा हात लोखंडी दांड्यावरून वर घालायचा, कोपर मुरगाळायचं, तेव्हा कुठे बोटांच्या टोकांना तो लागतो. पुढचं सगळं आंधळं काम, जे काय बघायचं ते बोटांनी. म्हणून तर आपल्या घरातला तो नियम. तू नऊ वर्षांची होतीस, गाडी वर घेतली की खारीसारखी खाली शिरायचीस आणि मी पाय धरून बाहेर ओढायचो, तेव्हापासूनचा. जुना फिल्टर निघाला की त्याच्या बसायच्या जागेवरून बोट गोल फिरवायचं. गुळगुळीत लागलं तर पुढे जायचं, काही उंच लागलं तर थांबायचं. बाहेर बॅटरी धरून बसलेल्यानं विचारायचं, बोट फिरवलं का? आणि आतला 'फिरवलं' म्हणेपर्यंत नव्या फिल्टरला हात लावायचा नाही. काल तू विचारलंस. माझ्या डोक्याशी उकिडवी बसली होतीस. मी म्हटलं, फिरवलं.

खोटं नाही बोललो गं. फिरवलं होतं. पूर्ण गोल, दोनदा. बोटाला काही लागलं नाही, आणि काही लागत नाही म्हणजे गुळगुळीत आहे, असं मी धरून चाललो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. गेल्या थंडीपासून माझ्या बोटांची टोकं माझी राहिलेली नाहीत. जाड हातमोजे घातल्यासारखी झालीत, आणि ते मोजे काढता येत नाहीत. आधी वाटलं गारठ्यानं असेल. मग उन्हाळा आला आणि गेला. डेपोत मी डोळे मिटून दहाचा नट कुठला आणि अकराचा कुठला ते सांगायचो, लोक पैजा लावायचे. परवा खिशात हात घालून किल्ली काढायला गेलो तर हातात नाणं आलं. मागच्या महिन्यात गॅसवरच्या पातेल्याला बोट टेकलं होतं, ते मला वासावरून कळलं. त्या फोडाबद्दल तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, वेल्डिंगची ठिणगी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कुठलं वेल्डिंग?  त्याआधी दोनदा म्हणाली होतीस, बाबा, एकदा रक्त तपासून घेऊ. मी हसण्यावारी नेलं. माझ्यात साखर असती तर तुझी आई माझ्याशी इतकं भांडली असती का, असं काहीतरी म्हणालो. भिऊनच म्हणालो. ज्या माणसाचं सगळं आयुष्य बोटांवर गेलं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं की बोटं गेली?

साडेपाच वाजले. सकाळी सातला निघालीस, म्हणजे काही झालं नसेल तर दहालाच पोचलीस. आत्ता शेवटचा रुग्ण बघून होत आला असेल, हात धूत असशील. झालं असेल तर सकाळीच झालंय, आणि मी इथे टेबलाशी बसून तुला गाडी सुरू करू नकोस म्हणून सांगतोय. हा विचार आला की उठून दारापर्यंत जातो आणि परत येतो. जिना चढणाऱ्या प्रत्येक पावलाला कान लागतात. कालचा दिवस मिनिटामिनिटानं आठवून बघतोय, त्यात कुठे ती रिंग दिसते का म्हणून. फिल्टर लावला. हातानं घट्ट केला, वर पाऊण फेरा. ऑईल ओतलं. इंजिन दोन मिनिटं चालवून बघितलं, गळलं नाही. मग मी आंघोळीला गेलो. तू जेवायला उशिरा आलीस, कोपराला काळा पट्टा होता आणि मी तुला लहान मुलीसारखं हात धुवायला परत पाठवलं. तू म्हणालीस, बॉनेट लावताना लागला. संध्याकाळी गाडीखालचा पुठ्ठा उलटा पडलेला दिसला. मला वाटलं, मीच उलटवला असेन आणि विसरलो असेन. हल्ली मला असं बरंच काही वाटतं. रिंग मात्र कुठेच आठवत नाही.

पावणेसात

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. तुझी आई चहा घेऊन आली. मी पानावर हात ठेवला, तर म्हणाली, पाण्याच्या टाकीवर चार पानं? त्या टाकीत पाणी तरी इतकं येतं का? आणि हात बाजूला करून तिनं पहिलं वाक्य वाचलं. पुढची पानं तिनं उभ्याउभ्याच वाचली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, कपाकडे बघत होतो. वाचून झाल्यावर ती समोर बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आंघोळीला गेलात की ती परत गाडीखाली जाते. दर वेळी जाते."

मला आधी कळलंच नाही. मग ती तुझ्या कपाटातून तो पत्र्याचा डबा घेऊन आली, तुझे हातमोजे असतात तो. हातमोज्यांखाली चिठ्ठी होती आणि कागदात गुंडाळलेली रिंग. जुनी, काळी, एका बाजूला चपटी झालेली. चिठ्ठीवर तुझ्या त्या रुग्णांच्या कागदावरच्या बारीक अक्षरात तीन तारखा. पहिलीपुढे, फिल्टर सैल, पाव फेराच दिलेला. दुसरीपुढे, फार आवळलेला, रिंग मुरगळली. तिसरी कालची. जुनी रिंग इंजिनालाच, वर नवी. आणि त्याखाली: बाबांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे तू ठीक आहेस. निदान या कारणानं तुला काही झालेलं नाही. मी चहाचा कप उचलायला गेलो आणि तो मला धरता येईना. तुझ्या आईनं तो काढून घेतला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसली. तिला बटणांवरून कळलं होतं म्हणाली, मी शर्ट बटणं लावलेलाच डोक्यावरून चढवतो, त्यावरून. एवढ्याशा घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत बसलेली. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग, खरं सांगतो, तुझा राग आला. तुम्ही दवाखान्यात रुग्णाचा आजार रुग्णापासून लपवता का? पहिल्याच तारखेला माझ्यासमोर ती चिठ्ठी ठेवली असतीस तर मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस जेवलो नसतो, पण कुणाच्या गाडीखाली पुन्हा गेलो नसतो.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि हातातलं पेन खाली पडलं. शिक्षिकाबाईंची गाडी.

तुला ठाऊक नाही. पंधरवड्यापूर्वी, तू वर होतीस तेव्हा, मी त्यांचा फिल्टर बदलून दिला. गाडी आपल्यासारखीच, माझ्याच शब्दावर घेतलेली. त्या शाळेत चालत जातात, तेव्हापासून गाडी बाजारापर्यंत गेली असेल तेवढीच. त्यांच्या मुलीनं त्या दिवशी बॅटरी धरली होती आणि मी तिलाही आपला प्रश्न शिकवला होता. तिनं विचारलं, मी फिरवलं म्हटलं. त्यानंतर मी आंघोळीला गेलो, आणि माझ्यामागून गाडीखाली जायला कुणी नव्हतं. उद्या पहाटे बाई दोन्ही मुलांना आणि म्हाताऱ्या आईला घेऊन सुट्टीला निघणार आहेत, घाट ओलांडून. खाली दिवा लागलेला दिसतोय. मी जातो. काय सांगायचं ते जिन्यात ठरवतो.

साडेआठ

जिन्यात काहीच ठरलं नाही. दार उघडल्यावर सरळ सांगितलं की माझ्या बोटांना काही कळत नाही, तुमचं काम मी तसंच केलंय, गाडी बाहेर काढू नका. बाई हातातल्या घडीच्या कपड्यांसकट तशाच उभ्या राहिल्या. मागे बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. उद्या पहाटे कुठला मेकॅनिक मिळणार, याचा विचार त्या करत असाव्यात. मीही तोच करत होतो. तेवढ्यात तुझी आई जुना गाऊन घालून, केसांना फडकं बांधून जिना उतरून आली आणि म्हणाली, माझा हात बारीक आहे, सांगा कुठे घालायचा ते.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तुझ्या आईनं आजवर गाडीचं दार सोडून कशाला हात लावलेला नाही. गाडी उचलली, टेकू दोनदा हलवून बघितले. मनगटात जोर अजून आहे, तेव्हा फिल्टर मी त्याच्याभोवती पट्टा आवळून सैल करून दिला. मग मी बाहेर आलो आणि ती पुठ्ठ्यावर सरकली. दांड्यावरून वर, कोपर आत, आता डावीकडे, असं मी सांगत होतो आणि ती आतून माझ्यावर खेकसत होती की एका वेळी एकच सांगा. तिनं फिल्टर काढून माझ्या हातात दिला. त्याची रिंग त्याच्यावर होती, नवी. मी बॅटरी धरून उकिडवा बसलो होतो, काल तू बसलीस तसा.  विचारलं, "बोट फिरवलं का?"

आतून पुठ्ठा घासल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांबा. इथे कडा लागतेय. उचलली जातेय."

ती रिंग तिनं नखानं सोडवून बाहेर दिली तेव्हा बाईंची मुलगी माझ्या शेजारीच उभी होती.  मी फरशीवरच बसून राहिलो. चार माणसं, त्यात दोन मुलं. तोच फिल्टर तुझ्या आईनं परत बसवला, त्याआधी बोट मात्र आणखी तीनदा फिरवलं, मी न विचारता. इंजिन अर्धा तास चालवून बघितलं. मी बाईंची माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आलात ना सांगायला." मग दार लावून घेतलं.

आता हे पाकीट बंद करून वादळाकडे नेऊन द्यायचंय. गाडीबद्दलचं सांगायला हे पत्र सुरू केलं होतं आणि त्याची गरज उरलेली नाही. पहिलं वाक्य खोडायला घेतलं होतं, तसंच ठेवलं. माझी आजची दुपार कशी गेली असेल ते तुला त्यावरून कळेल. आत एक रिंग आहे, ती बाईंच्या गाडीची. घरी आलीस की ती डब्यात तुझ्या रिंगशेजारी ठेव आणि चिठ्ठीवर चौथी तारीख घाल, पण खालची ओळ खोड. बाबांना सांगितलेलं आहे. मी लपवलं म्हणून तू लपवलंस, त्यामुळे तुझ्यावर रागवायचा हक्क मला फारसा नाही, तरी थोडा रागावलोय, तो खाली आलीस की बघू. इथून पुढे गाडीखाली माझ्यासमोर जायचं, बॅटरी मी धरेन. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं ठरवलंय आणि मला फार भीती वाटतेय, खारूताई. बोटांनंतर काय जाईल याची वाटतेय. तुझी आई येते म्हणालीये, पण सुई टोचली तर मला कळेल की नाही, हे मी तिच्यासमोर बघू शकणार नाही. एक दिवसाची रजा मिळाली तर गुरुवारी ये. ट्रकनं नको येऊस, गावोगावी थांबत खाली यायला त्याला संध्याकाळ होईल. गाडीनंच ये, खुशाल ये. ती मी केलेली नाही, तू केलेली आहे.

तुझाच,
बाबा